शिरेवाटे पोषण देणारी तीन कप्प्यांची पिशवी: सात आठवड्यांच्या वापरानंतर

कर्करोगाच्या गाठीमुळे थोरल्या बहिणीच्या आतड्याला अडथळा आला, तोंडाने किंवा नळीने अन्न देणे अशक्य झाले आणि पुढचे सात आठवडे तिचे पोषण या पिशवीवरच चालले. एका कप्प्यात ग्लुकोज, दुसऱ्यात अमिनो आम्ले आणि तिसऱ्यात दुधासारखे स्निग्ध द्रावण असते. पिशवी वरून गुंडाळत आणली की मधले जोड सुटून तिन्ही एकजीव होतात. ही रचना मला फार आवडली. जीवनसत्त्वे मात्र त्यात नसतात, ती वेगळी मिसळावी लागतात, आणि वेष्टनावर हे अधिक ठळक छापायला हवे होते.

रोज रात्री पंप सुरू करताना, हे बहिणीला मिळते आहे की गाठीला, हा प्रश्न छळत असे. तो निराधार नव्हता. कर्कपेशी ग्लुकोजचा अधाशासारखा वापर करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवले होते आणि शिरेवाटे पोषण दिलेल्या उंदरांमध्ये गाठी वेगाने वाढल्याचे काही प्रयोगही आहेत. परंतु उंदरातील गाठ त्याच्या देहाच्या मानाने प्रचंड असते, आणि माणसांमध्ये अशा पोषणामुळे आजाराचा परिणाम बिघडतो असा पुरावा मिळालेला नाही. म्हणूनच ‘एस्पेन’ या रुग्णपोषणावर काम करणाऱ्या युरोपीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे या भीतीपोटी रुग्णाचे पोषण नाकारू वा कमी करू नये, असे सांगतात. उपाशी ठेवले म्हणून गाठ थांबत नाही, स्नायू मात्र झिजतात. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती, ही माझी मुख्य तक्रार.

खरा धोका निघाला तो हे द्रावण शिरेत सोडणाऱ्या नळीचा. पाचव्या आठवड्यात थंडी वाजून ताप भरला, मध्यवर्ती शिरेतील नळीला जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले आणि ती बदलावी लागली. शिवाय दीर्घ उपासानंतर एकदम पूर्ण मात्रा दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, त्यामुळे पहिले काही दिवस मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि रोज रक्त तपासले.

ज्यांचे आतडे चालते, त्यांनी निव्वळ ताकदीसाठी म्हणून ही पिशवी मागू नये. केमोथेरपीसोबत ती सरसकट दिल्यास लाभ दिसत नाही, संसर्ग मात्र वाढतात. बहिणीच्या बाबतीत वजनाची घसरण थांबली आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती आधाराशिवाय उठून बसू लागली.