रॅम चांगली होती आणि बोर्डही चांगला होता

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र आहे. खरीप पीक विम्याच्या दिवसांत शेतकरी सातबारा आणि पासबुक हातात घेऊन सकाळपासून बसलेले असतात, आणि अशा वेळी संगणक अडकला तर त्यांची मजुरी बुडते. केंद्रातला संगणक जुना होता: कोअर टू ड्युओ ई7500 प्रोसेसर, जी41 चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणारी मुख्य चिप) मदरबोर्ड आणि 2 जीबीची एकच डीडीआर3 प्रकारची रॅम. नवा संगणक घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून परभणीच्या एका दुकानातून 4 जीबीच्या दोन वापरलेल्या रॅम मी 1,400 रुपयांना घेतल्या. बोर्ड जी41 चा आहे हे मी दुकानदाराला सांगितले होते. त्यावर त्याने विचारले, “डीडीआर3 च आहे ना, सर? मग बसते.”

रॅम बसली, पण संगणकावर डिस्प्ले आला नाही. दोन्ही रॅम आलटून पालटून दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिल्या, आणि शेवटी जुनी 2 जीबीची रॅम परत लावली, तेव्हा संगणक नेहमीसारखा सुरू झाला. ही एकच गोष्ट मी नीट लक्षात ठेवली असती तर पुढचे नुकसान टळले असते.

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्यासमोर त्या दोन्ही रॅम आपल्याकडच्या एच61 बोर्डाच्या, म्हणजे माझ्यापेक्षा नव्या पिढीच्या संगणकात लावल्या आणि पडद्यावर 8 जीबी दाखवून दिले. “माल चांगला आहे, तुमचा बोर्ड गेला आहे,” असे तो म्हणाला. जुन्या रॅमवर हाच बोर्ड काल रात्री चालला, असे मी सांगताच त्याने उत्तर दिले की, जायला आलेला बोर्ड असाच कधी चालतो, कधी चालत नाही. त्याने केलेली चाचणी खरी होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता, आणि माझा विश्वास बसला तो चाचणी खरी होती म्हणूनच.

खरे कारण मला नंतर समजले. कोअर टू पिढीत मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्ये नसून चिपसेटमध्ये असतो, म्हणजे कोणती रॅम चालेल हे जी41 ठरवतो. तो एकूण 8 जीबीपर्यंत रॅम घेतो, परंतु रॅमवरची प्रत्येक काळी चिप जास्तीत जास्त 2 गिगाबिटची असावी लागते. एका बाइटमध्ये 8 बिट असतात, म्हणून 4 जीबी म्हणजे 32 गिगाबिट. जुन्या धाटणीच्या रॅममध्ये ते 2 गिगाबिटच्या 16 चिपांत विभागलेले असतात, तर मला दिलेल्या रॅमवर 4 गिगाबिटच्या फक्त 8 चिपा, एकाच बाजूला होत्या. एच61 वरचे प्रोसेसर अशा चिपा ओळखतात, जी41 ओळखत नाही. लेबलवर दोन्हींच्या 4 जीबी आणि डीडीआर3 एवढेच ठळक लिहिलेले असते, खाचही सारखीच असते. केवळ चिपा मोजूनही खात्री होत नाही, कारण फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या, वेगळ्या रचनेच्या 16 चिपांच्या स्वस्त रॅमही बाजारात विकल्या जातात आणि त्या इंटेलच्या चिपसेटवर चालत नाहीत.

बोर्ड गेल्याचे मी मान्य केल्यावर दुकानदाराने “चौथ्या जनरेशनचा आय5 सेट” पुढे केला. प्रोसेसर, बोर्ड आणि 4 जीबी रॅम मिळून 6,500 रुपये. माझ्या दोन रॅम त्याने परत घेतल्या नाहीत, आणि माझा बोर्ड प्रोसेसरसकट भंगार म्हणून 400 रुपयांत ठेवून घेतला. नव्या सेटमध्ये त्याने माझ्या रॅम न लावता 16 चिपांची दुसरी रॅम लावली. माझ्याच का लावत नाही, हे मी विचारले नाही. तो सेट पहिल्या पिढीचा होता: एच55 चिपसेट आणि 2010 सालचा आय5-650. या पिढीत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरकडे आला असला तरी मर्यादा 2 गिगाबिटच्या चिपांचीच आहे, त्यामुळे माझ्या रॅम तिथेही चालल्या नसत्या. याचा अर्थ त्याला पहिल्यापासून सगळे ठाऊक होते. आजही मला सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो.

महिनाभराने छत्रपती संभाजीनगरला शिकणारा माझा भाचा आला आणि त्याने संगणकातल्या भागांची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड हा प्रोग्राम चालवून हे सारे दाखवले. प्रत्यक्षात त्याचीही गरज नव्हती, कारण विंडोजच्या सिस्टिमच्या माहितीत “आय5 650” हे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. आय5 च्या पहिल्या पिढीचे क्रमांक तीन आकडी आहेत. दुसऱ्या पिढीपासून ते चार आकडी झाले आणि पहिला आकडा पिढी सांगू लागला, जसे 2400, 3470, 4570. आय5-650 मध्ये चार नव्हे, दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) आहेत. त्याचे सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, 1156 आहे, त्यामुळे 2011 पासूनचे 1155 सॉकेटचे किंवा चौथ्या पिढीचे 1150 सॉकेटचे प्रोसेसर त्या बोर्डावर बसत नाहीत, म्हणजे पुढे सुधारणा करण्याची वाटही बंद झाली.

मी पुन्हा परभणीला गेलो. दुकानदाराने दिलेल्या कच्च्या पावतीवर “आय5 सेट, चालू” एवढेच शब्द होते, आणि सेट आय5 चा होता व चालूही होता. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर फोन केला तेव्हा मला पहिल्यांदा बिलच विचारले गेले. चौथी पिढी हे शब्द त्याने केवळ तोंडी उच्चारले होते, त्यामुळे माझ्या हाती दाखवण्यासारखे काही नव्हते.

मानवत, पाथरी, जिंतूर येथे माझ्यासारखीच केंद्रे चालवणारे अनेक जण अजून असे जुने संगणक वापरत आहेत. त्यांनी रॅम आणायला जाताना कॅबिनेट सोबत न्यावे, रॅम दुकानातल्या नव्हे तर स्वतःच्या बोर्डावर लावून पाहावी, आणि बोर्ड गेला असे कोणी म्हणाले तर जुनी रॅम तिथल्या तिथे लावायला सांगावी. सेट घ्यायचाच असेल तर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, चिपसेट आणि रॅमची क्षमता पक्क्या बिलावर लिहून घ्यावी. माझ्या त्या दोन रॅम मी नंतर एका शिक्षक मित्राच्या एच61 बोर्डाच्या संगणकाला दिल्या. तिथे त्या पूर्ण 8 जीबी दाखवतात आणि विनातक्रार चालतात.