जुना कॅमेरा गेला, आता कुठला? साधा कॉम्पॅक्ट, एक इंची, डीएसएलआर की मिररलेस

आधी जुना खरंच गेला आहे का ते बघा. कार्डाच्या कडेची छोटी पांढरी कळ खाली सरकली असेल तर कार्ड 'लॉक' होतं आणि कॅमेरा फोटोच घेत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर झाकण नीट बसत नाही, आणि झाकण बसलं नाही तर कॅमेरा सुरूच होत नाही. तारीख दरवेळी पुसली जात असेल, तर आतली घड्याळाची छोटी बॅटरी रिकामी झालेली असते. मोठी बॅटरी पूर्ण भरून कॅमेऱ्यात दिवसभर ठेवली की ही छोटी बहुतेकदा परत चार्ज होते. मात्र लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली आणि पडद्यावर लेन्स एरर आला, तर बहुधा वाळूचा कण किंवा पडल्याने सरकलेला आतल्या गिअरचा दात कारणीभूत असतो. छोट्या कॅमेऱ्यात या दुरुस्तीचा खर्च बहुधा तसाच दुसरा वापरलेला कॅमेरा घेण्याइतका होतो. तिथे थांबा आणि नवीन शोधायला लागा.

शोधताना मेगापिक्सेल पहिल्यांदा बाद करा. ए४ आकाराच्या चांगल्या छपाईला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात, आणि आज विकला जाणारा जवळपास प्रत्येक कॅमेरा त्याच्या पुढेच आहे. रोजच्या फोटोंचा दर्जा दोन गोष्टींवर ठरतो: सेन्सर (प्रकाश टिपणारा आतला भाग) केवढा आणि लेन्सचं तोंड किती उघडतं. या दोन्ही एकत्र बघायच्या असतात. दुकानात मात्र त्या सुट्या सांगितल्या जातात, आणि तिथेच निवड चुकते.

तुलनेसाठी ही चार नावं घेतली आहेत. डीएसएलआर म्हणजे आत आरसा आणि बदलता येणारी लेन्स असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे तसाच पण आरशाविना; किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स. यातली तीन आता वापरलेलीच मिळतील असं धरा. वजन बॅटरी-कार्डासकट आहे आणि जिथे लेन्स वेगळी आहे तिथे तीही धरली आहे. एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितकं तोंड जास्त उघडतं; 'रुंद' म्हणजे झूम न करता, 'लांब' म्हणजे पूर्ण झूमवर.

| कॅमेरा | सेन्सर (मिमी) | लेन्सचं तोंड, रुंद ते लांब | वजन |
|---|---|---|---|
| कॅनन इक्सस २८५ एचएस (साधा कॉम्पॅक्ट) | ६.२ × ४.६ | एफ/३.६ ते एफ/७ | १४७ ग्रॅम |
| सोनी आरएक्स१००, पहिला, २०१२ (एक इंची) | १३.२ × ८.८ | एफ/१.८ ते एफ/४.९ | २४० ग्रॅम |
| निकॉन डी३३००, २०१४, १८-५५ किट लेन्ससह (डीएसएलआर) | २३.५ × १५.६ | एफ/३.५ ते एफ/५.६ | सुमारे ६५० ग्रॅम |
| सोनी ए६०००, २०१४, १६-५० किट लेन्ससह (मिररलेस) | २३.५ × १५.६ | एफ/३.५ ते एफ/५.६ | सुमारे ४६० ग्रॅम |

'एक इंची' हे नाव फसवं आहे. त्या सेन्सरची कुठलीच बाजू इंचभर नसते. नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चिकटलं आहे.

आता हा तक्ता एका खोलीत नेऊन बघू. संध्याकाळची वेळ, घरातला नेहमीचा दिवा, समोर एक जागी न बसणारं मूल. मूल हललेलं दिसू नये म्हणून शटर १/१२५ सेकंद इतका तरी वेगवान हवा. लेन्समधलं स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर झेलतं, मुलाची हालचाल झेलत नाही. त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. अशा उजेडात एफ/१.८ वर आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद किती वाढवायचा तो आकडा; वाढला की फोटो खरखरीत होतो) साधारण ६४० लागतो आणि एफ/३.५ वर २५०० च्या आसपास. एक इंची सेन्सरच्या तिप्पट क्षेत्रफळ डीएसएलआरच्या सेन्सरचं असतं, म्हणून डीएसएलआरचा २५०० हा एक इंचीच्या ८०० सारखा दिसतो. म्हणजे खिशात मावणारा आरएक्स१०० ६४० वर आणि गळ्यात लटकणारा डी३३०० किट लेन्सवर २५०० ला, दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे ओळखणं अवघड. उलट छोट्याचंच पारडं किंचित जड.

डीएसएलआर म्हणजे आपोआप चांगला फोटो, या समजाला इथे तडा जातो. किट लेन्स लावलेली डीएसएलआर बॉडी म्हणजे मोठ्या सेन्सरसमोर अर्धवट उघडलेली खिडकी. त्याच बॉडीला ३५ मिमी एफ/१.८ लेन्स लावा, आयएसओ २५०० वरून ६४० वर येतो आणि मग एक इंची कॅमेरा तिच्या जवळपासही राहत नाही. थोडक्यात, दुसरी लेन्स घेणार असाल तरच डीएसएलआर घ्या. घेणार नसाल तर दुप्पट-तिप्पट वजन कशासाठी वागवताय?

लांबच्या टोकाला चित्र थोडं बदलतं. पहिला आरएक्स१०० पूर्ण झूमवर एफ/४.९ होतो आणि त्याच खोलीत आयएसओ ५००० मागतो. तिथे डीएसएलआर स्पष्ट पुढे. २०१४ चा आरएक्स१०० मार्क तीन मात्र पूर्ण झूमवरही एफ/२.८ ठेवतो, त्यामुळे तिथेही बरोबरी साधतो. त्याची किंमत म्हणून झूम १०० ऐवजी ७० मिमीवर थांबतो (मिमी जितके जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं). मार्क तीनमध्ये वर उघडणारा व्ह्यूफाइंडर, दुमडणारा पडदा आणि वाय-फाय आहे. पहिल्यात यातलं काहीच नाही. कडक उन्हात फोटो काढायचे असतील तर डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर ही चैन राहत नाही. कॅननचा जी७ एक्स मार्क दोन, २०१६ चा, याच वर्गातला. २४ ते १०० मिमी आणि एफ/१.८ ते २.८, म्हणजे दोन्हीतलं चांगलं, पण मागणी भरपूर असल्याने स्वस्तात मिळणं कठीण.

इक्सस २८५ चं काय? त्या खोलीत त्यालाही २५०० च्या आसपास आयएसओ लागतो, पण त्याचा सेन्सर एक इंचीच्या पावपटच. त्याचा २५०० म्हणजे एक इंचीचा १०,०००. केस आणि भुवया वितळल्यासारख्या दिसतात. पूर्ण झूमवर एफ/७ असल्याने आयएसओ १०,००० च्या घरात लागेल, आणि कॅमेरा ३२०० च्या वर जातच नाही. मग तो शटर मंद करतो आणि फोटो हलतो. शटर आपण ठरवावा म्हणाल तर त्याची सोयही नाही. अनेकांच्या फोनचा मुख्य सेन्सर आज याहून मोठा असतो, त्यामुळे घरातल्या फोटोंसाठी असा कॅमेरा घेणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं.

या वर्गाची खरी जागा उन्हात आणि लांबच्या वस्तूंसाठी आहे. कॅननचा एसएक्स७४० एचएस ४० पट झूम देतो, २४ ते ९६० मिमी, तेही खिशात मावून. झाडावरचा पक्षी किंवा मैदानाच्या पलीकडचा खेळाडू दिवसाउजेडी टिपायचा असेल तर वरच्या तक्त्यातला एकही कॅमेरा तिथे पोचत नाही. शाळकरी मुलाच्या हातात द्यायला, पडला-झडला तरी चालेल असा हवा असेल, तर कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ सारखा दोन एए सेलवर चालणारा बरा. चार्जर हरवायची भीती नाही.

'६४ मेगापिक्सेल, १६ पट डिजिटल झूम' असं लिहिलेले अनोळखी नावाचे कॅमेरे मात्र दुरूनच टाळा. आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो, लेन्स बरेचदा हलतच नाही, फोकस कायमचा एका अंतरावर बसवलेला असतो. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते नंतर फोनवरही होतं. खोक्यावर 'ऑप्टिकल' हा शब्द नसेल तर झूम नाही असंच धरा.

ए६००० आणि त्याच्यासारखे मिररलेस मध्ये कुठेतरी बसतात. सेन्सर डीएसएलआरचा, वजन कमी, धावत्या मुलावर फोकस धरून ठेवण्यात पटाईत. किट लेन्सचं गणित मात्र डी३३०० सारखंच. बॅटरीवर ठरावीक चाचणीत साधारण ३६० फोटो, डी३३०० वर ७००. आरएक्स१०० आणि ए६००० दोन्ही मायक्रो यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज होतात. डी३३०० ला वेगळा चार्जर लागतो, तो वापरलेल्या कॅमेऱ्यासोबत मिळतोय ना ते विचारा. कॅननच्या ईएफ-एम मापाच्या मिररलेसमध्ये, एम५० वगैरे, पडायचं असेल तर एवढं लक्षात घ्या की त्या लेन्स कॅननच्या नव्या आर मालिकेच्या बॉडीला बसत नाहीत.

ज्यांचा जुना डीएसएलआर गेला पण लेन्स शाबूत आहेत, त्यांनी त्याच कंपनीची बॉडी बघावी. निकॉनवाल्यांसाठी दोन खाचखळगे. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सवर फोकस हाताने फिरवावा लागतो. आणि 'एएफ-पी' लिहिलेल्या नव्या लेन्स डी३२०० वर फोकसच करत नाहीत; डी३३०० वर फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर चालतात.

वापरलेला कॅमेरा घ्यायला जाताना स्वतःचं ३२ जीबीचं कार्ड आणि छोटी टॉर्च न्या. ३२ जीबीच का? त्याहून मोठी कार्डं वेगळ्या प्रकारात मोडतात आणि जुने कॅमेरे ती वाचत नाहीत. फार जुन्या ऑलिम्पस आणि फुजी कॉम्पॅक्टना एक्सडी कार्ड, जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते. सध्या या जुन्या सीसीडी (जुन्या प्रकारचा सेन्सर) कॅमेऱ्यांचं वेड आहे; हौसेला घ्या, रोजच्या कामाला नको.

कॅमेरा दहा वेळा बंद-चालू करा. प्रत्येक वेळी झूम टोकापर्यंत नेऊन आणा, आणि एकदा लेन्सचं तोंड जमिनीकडे करूनही. करकर ऐकू आली किंवा लेन्स मध्येच अडखळली तर सोडून द्या. मग छापील मजकुराचं पान भिंतीला सपाट लावून समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा बहुधा पडलेला आहे, बोलणारा काहीही बोलो. नंतर तोंड बरंच लहान करून, आरएक्स१०० वर एफ/११ आणि डीएसएलआरवर एफ/१६, पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो घ्या. करडे ठिपके दिसले तर आत धूळ आहे.

याच ठिकाणी दोन्ही प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डीएसएलआर किंवा मिररलेसमधली धूळ लेन्स काढून, रबरी फुग्याने हवा मारून बहुधा निघते. डीएसएलआरमध्ये त्याआधी बॅटरी पूर्ण भरून मेनूतून आरसा वर करायचा. कॉम्पॅक्टमध्ये मात्र सगळा कॅमेरा खोलावा लागतो. म्हणून ठिपके असलेला डीएसएलआर घासाघीस करून घ्या, ठिपके असलेला आरएक्स१०० परत द्या. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारी धूळ फोटोत येत नाही, तिची काळजी नको.

टॉर्च लेन्सच्या मागून तिरकी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी; ती लेन्स घेऊ नका. डी३३०० चा शटर १,००,००० वेळा चालेल अशा हिशोबाने चाचणी केलेला आहे. निकॉनच्या मूळ जेपीईजी फाइलमध्ये आकडा लिहिलेला असतो, घरी संगणकावर उघडून तो बघता येतो; कॅननच्या फाइलमध्ये बहुधा सापडत नाही. सोनी असेल तर मेनूत भाषा बदलून बघा. फक्त जपानच्या बाजारासाठी बनलेल्या अनेक सोनी कॅमेऱ्यांत जपानी सोडून दुसरी भाषाच नसते, आणि ती नंतर अधिकृतपणे घालता येत नाही.

घरी आणल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. मोड 'एस' वर (शटर आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा ठरवतो), शटर १/१२५, आयएसओ ऑटो. आरएक्स१००, डी३३०० आणि ए६००० तिन्हींवर हे चालतं. खोलीत झूम शक्यतो रुंद टोकालाच ठेवा आणि दोन पावलं पुढे जा, कारण झूम केला की तोंड लहान होतं आणि एफ/१.८ चा सगळा फायदा तिथेच संपतो.