पहिली-दुसरीच्या वर्गासाठी टीव्ही घ्यावा की टॅब?

"बाई, टीव्हीच घेऊन टाका, सगळ्या पोरांना एकदम दिसतंय." शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे वाक्य येतंच. लोकवर्गणीचे तीसेक हजार जमलेले असतात. तेवढ्यात एक ४३ इंची टीव्ही बसतो, नाहीतर साधे तीन टॅब. सोलापूरच्या पूर्व भागात पहिली-दुसरीला शिकवताना मी दोन्ही वापरलेत. माझं मत टॅबकडे झुकतं. तरी टीव्हीचं खरं काम कुठलं, ते आधी सांगते.

जे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ते टीव्ही वर्गात आणतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्यापासून जवळ, पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं माळढोक पक्षी पाहिलेला नव्हता. चार मिनिटांची चित्रफीत लावली. मग विचारलं, "केवढा असेल?" कुणी कोंबडीएवढा म्हणालं, कुणी हत्तीएवढा. पडद्यावर आकार कळत नाही, तो जमिनीवर आणावा लागतो. माळढोक साधारण मीटरभर उंच असतो, म्हणून भिंतीवर खडूनं तेवढ्यावर रेघ मारली आणि एकेक मूल तिथं उभं केलं. "बाई, माझ्या खांद्यापर्यंत येतोय!" चित्रफीत चार मिनिटं, भिंतीपाशी वीस. टीव्ही असा वापरणार असाल तर तो जरूर कामाचा आहे. मोठ्या अक्षरातलं गोष्टीचं पान सगळ्यांनी मिळून वाचायलाही तो छान.

पण होतं काय, एका ताईंची रजा असते, दोन वर्ग एकत्र बसवले जातात आणि बडबडगीतं सुरू होतात. मुलं शांत बसतात, म्हणून ते चालूच राहतं. शांत बसलेलं सहा वर्षांचं मूल शिकत असतंच असं नाही. मी पूर्वी होते त्या एका शाळेत देणगीचा टीव्ही वर्षभर कापडाखाली होता. रिमोट कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. शिवाय आपल्याकडचं ऊन. मार्चपासून सकाळची शाळा भरते, पूर्वेच्या खिडकीतून उजेड थेट पडद्यावर येतो. पडदे लावले की वर्ग भट्टी होतो, आणि वीज गेली की संपलंच.

आता टॅब. त्यावर अक्षरं गिरवायचे खेळ टाकून देणार असाल तर घेऊ नका, पाटी त्याहून चांगली. पाटीवर पेन्सिल दाबावी लागते, बोटांना बळ येतं. टॅबमधल्या दोनच गोष्टी मला मोलाच्या वाटतात: आवाज रेकॉर्ड करणं आणि फोटो काढणं. दोन्ही टॅबमध्ये आधीपासूनच असतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं बरीच, थोडी कन्नड. एक मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात बोललीच नव्हती. मान हलवायची, एवढंच. टॅब घेऊन मैत्रिणीबरोबर व्हरांड्यात बसली आणि घरातलं सांगायला लागली: "माझा आजी विडी करतो. पान कापतो." मग स्वतःचाच आवाज लावून ऐकला. दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा मला न विचारता पुसून परत बोलली, "माझी आजी विडी करते." मी काही दुरुस्त केलं नव्हतं. तिच्या कानानं दुरुस्त केलं. तीस मुलांत मी प्रत्येकाचं वाक्य असं तीनदा कधी ऐकणार? पालकसभेत ते रेकॉर्डिंग तिच्या आईला ऐकवलं, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही.

फोटोचं काम असं: "ज्याच्या नावात ळ आहे, त्याचा फोटो काढून आणा." नळ आला, फळा आला, डब्यातलं केळं आलं. एकानं मित्राचा डोळा काढून आणला. मग त्या चार शब्दांचं वाचन आणि पाटीवर लेखन.

तीस मुलांना तीन टॅब पुरतात, फक्त सगळ्यांना एकदम द्यायचे नाहीत. नऊ-दहा मुलं टॅबवर, तिघांत एक. बाकीची मणीमाळ, काड्यांचे गठ्ठे किंवा वाचनकोपऱ्यात. पंधरा मिनिटांनी गट बदलायचा. तिघांपैकी एक बोलतो, एक टॅब धरतो, एक ऐकतो. एकेकाला वेगळा टॅब दिला तर ही बोलाचाली बंद पडते, म्हणून दहा टॅबची देणगी आली तरी मी तिघांत एकच देईन.

टॅबचा त्रास चार्जिंगचा. ते काम कुणाचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. मुलांचे आवाज आणि फोटो ठेवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, आणि ते व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका.

पैसे जमलेच नसतील तर स्वतःचा फोन आणि एक छोटा स्पीकर घेऊन सुरुवात करा. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर फोनवर कविता-गोष्टी उघडणारे क्यूआर कोड लावले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचा कोड पुस्तकाबरोबर घरच्या फोनपर्यंत गेला. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आज तुमच्याही हातात आहेत.

टॅब ठरलाच, तर दुकानात चित्र किती झळकतं ते बघत बसू नका. दुकानातला पंखा जोरात लावायला सांगा, हळू आवाजात एक वाक्य बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिलीतलं लाजरं मूल तेवढ्याच आवाजात बोलतं.