ऑर्नेट की कोल्ट्रेन: आधी कुठली रेकॉर्ड घ्यावी?

फोंड्याचा माझा एक मित्र भजनात पेटी वाजवतो. सध्या सॅक्सोफोनचं वेड लागलंय, पण पैसे एकाच रेकॉर्डपुरते. अमेरिकन जॅझमधले दोन सॅक्सोफोनवाले, ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेन; पहिल्याची ‘फ्री जॅझ’ घेऊ की दुसऱ्याची ‘असेन्शन’, असं विचारत होता. दोन्हींत एकच रचना, चाळीसेक मिनिटांची, आणि मध्येच उठून रेकॉर्ड उलटायची. फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेटही दोन्हींत आहे.

लोक ‘असेन्शन’ला घाबरवतात. अकरा वादक, त्यांत पाच सॅक्सोफोन, सगळे एकदम तुटून पडतात. पण गोव्यात चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमटआरतीत, शामेळ-कांसाळ्यांच्या, म्हणजे ढोल-झांजांच्या मधोमध उभं राहून वाढलेल्या माणसाला गलका काय नवा? उलट याची बांधणी सरळ आहे: सगळे मिळून, मग एकाची पाळी, पुन्हा सगळे. एकाच्या पाळीत बाकीचे फुंकणारे बहुतेक गप्प. अवघड आहे ती लय. एल्विन जोन्सचा ड्रम लाटेसारखा येतो, समेची वाट बघणारा हात तसाच मांडीवर राहतो. ध्वनिमुद्रण २८ जून १९६५चं. त्याच ऑगस्टात कोल्ट्रेनला मुलगा झाला, आणि नाव ठेवलं रवी, रविशंकरांवरून. (हे मित्राला सांगितलं तेव्हा तो जवळजवळ फिरलाच.)

‘फ्री जॅझ’ २१ डिसेंबर १९६०ची. दोन चौकड्या समोरासमोर, प्रत्येकीत दोन फुंकणारे, एक बास, एक ड्रम: डाव्या कानात ऑर्नेट, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स, उजव्या कानात एरिक डॉल्फी, हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. इथे एकाच्या पाळीत दुसरे मध्येच हुंकार देतात, खोड काढतात, म्हणून वर सगळं विस्कटलेलं वाटतं. खाली मात्र बास आणि ड्रम चालत असतात, टाळ धरता येईल इतके नेमाने. ऑर्नेटची दहाएक मिनिटांची पाळी तर मला गुणगुणता येते.

म्हणून माझं मत ऑर्नेटला. अट एकच. गेल्या पावसाळ्यात दमटपणाने माझा इयरफोन उजव्या बाजूने मेला. आठवडाभर ऐकत होतो आणि वाटत होतं, डॉल्फीला कुणी कोपऱ्यात कोंडलाय का! अर्धी मंडळीच गायब. तेव्हा दोन्ही कान चालू हवेत. फोनच्या एका स्पीकरवर ऐकणार असाल तर ‘असेन्शन’ घ्या, ती त्यातूनही अंगावर येते.

जुनी ‘असेन्शन’ मिळाली तर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर ‘एडिशन टू’ खरडलंय का बघा. त्या दिवशी पूर्ण रचना दोनदा वाजवली होती. आधी एक बाजारात आली, मग कव्हर तेच ठेवून आत दुसरी घातली. सीडीवर दोन्ही मिळतात.