कोब्याखाली काय घातलं होतं? जोधपूरकडच्या ‘एसीविना घरा’तली फसवणूक

जालना, पुणे, इचलकरंजीकडे व्यापार असलेली बरीच मारवाडी कुटुंबं गावी, जोधपूर-फलोदी पट्ट्यात, आईवडिलांसाठी घर बांधतात. बांधकाम तिकडे, मालक इकडे, आणि देखरेख मोबाइलवर येणाऱ्या फोटोंवर. ‘एसी न लागणारं पर्यावरणपूरक घर’ विकणारे नेमके अशाच मालकांना गाठतात. खालचा प्रकार अशाच एका घरातला आहे. ठेकेदाराचं नाव देत नाही, पण त्याच्या युक्त्या नीट कळायला हव्यात.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी ठळक होत्या: गच्चीला ‘हीटप्रूफ ट्रीटमेंट’, जमिनीखालच्या पाइपातून थंड हवा आणि साइटवरच पाडलेल्या मातीच्या विटा. नीट केल्या तर तिन्ही गोष्टी वाळवंटात चालतात. म्हणून तर त्यांच्या नावावर पैसे काढणं सोपं जातं.

आधी गच्चीबद्दल, कारण एकमजली घराला उन्हाचा सगळ्यात मोठा मार तिथूनच बसतो. विक्रेत्याने चांदीसारखी चकचकीत बबल शीट उन्हात ठेवली आणि पिस्तुलासारख्या थर्मामीटरने मोजून दाखवलं: शीट ३४ अंश, शेजारचं सिमेंट ५८. हा आकडा खोटा असतो. ते यंत्र वस्तूतून बाहेर पडणाऱ्या किरणांवरून तापमान काढतं, आणि साधी यंत्रं समोरच्या पृष्ठभागाचं उत्सर्जन, म्हणजे किरणं बाहेर टाकण्याची क्षमता, १ पैकी ०.९५ आहे असं धरून चालतात. चकचकीत ॲल्युमिनियमचं उत्सर्जन असतं ०.०५ च्या आसपास. बाकी यंत्राला दिसतं ते शीटमधलं आभाळाचं प्रतिबिंब, आणि निरभ्र आभाळ या यंत्राला फार थंड दिसतं. शीटवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा घट्ट चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. खरा आकडा तिथेच कळेल.

दुसरा प्रयोग हॅलोजन दिव्याचा. दिव्यासमोर शीट धरली की पलीकडे हाताला गार लागतं, आणि हे खरं आहे, कारण शीटच्या दोन्ही बाजूंना हवा मोकळी असते. चकचकीत बाजूसमोर निदान २० मिमी रिकामी हवा असेल तरच ती किरणं अडवते. तीच शीट स्लॅबवर अंथरून वर कोबा ओतला की उरतो फक्त ४ मिमी प्लास्टिकचा थर. हिशेब असा: १५० मिमीच्या उघड्या स्लॅबचं यू-मूल्य, म्हणजे एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून आत येणारी उष्णता, साधारण ३.३ वॅट. दाबलेल्या बबल शीटने ते २.५ वर येतं. ५० मिमी एक्सपीएस, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे तख्ते, घातलं तर ०.५. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये छताची कमाल मर्यादा १.२ आहे. म्हणजे ही शीट मर्यादेच्या जवळपासही पोचत नाही.

मालकाने हे कुठेतरी वाचून एक्सपीएसचाच आग्रह धरला. बिलात ‘५० मिमी एक्सपीएस’ आलं, फोटोही आले, पैसे गेले. पहिल्याच उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता छताखाली हात धरवेना. कोबा तीन ठिकाणी फोडल्यावर उलगडा झाला. कठड्याजवळ पत्र्यासारखे ताठ निळे तख्ते होते, मध्ये मात्र पॅकिंगचा पांढरा थर्माकोल, तोही २५ मिमी आणि ओला. सगळे फोटो कठड्याजवळचे होते.

हे साध्या वजनकाट्यावर पकडता येतं. १२५० × ६०० × ५० मिमीचा, घनमीटरला ३२ किलो घनतेचा एक्सपीएस तख्ता १.२ किलो भरतो. पॅकिंगचा थर्माकोल तेवढ्याच मापात जेमतेम ४०० ग्रॅम. तुकडा मोडून बघा: थर्माकोलचे मणी सुटतात, एक्सपीएसचा काप एकसंध दिसतो. १२०० चौरस फूट गच्चीला असे किमान १४९ तख्ते लागतात, तुटफूट वेगळी. साइटवर ८० उतरले असतील तर उरलेल्या गच्चीत काय जाणार ते तेव्हाच विचारा. सोलापूर-जळगावकडे गच्ची करणाऱ्यांनाही ही परीक्षा जशीच्या तशी उपयोगी पडेल.

आता पाइप. सुमारे चार मीटर खोलीवर जमिनीचं तापमान वर्षभर स्थानिक वार्षिक सरासरीजवळ राहतं, जोधपूरला २६-२७ अंश. इथे खड्डा होता एक मीटरचा. एवढ्याच खोलीवर उन्हाळ्याची ऊब पोचलेली असते, आणि कोरडी वाळू उष्णता हळू वाहून नेते, त्यामुळे पंखा काही तास चालला की पाइपाभोवतीची माती तापून बसते. पाइप एकच, ११० मिमीचा, आणि दावा तीन खोल्यांचा. अशा पाइपातून सेकंदाला ३ मीटर वेगाने तासाला सुमारे १०० घनमीटर हवा येते. ती १२ अंशांनी गार झाली असं मानलं तरी थंडावा ४०० वॅटच्या आसपास. दीड टनाचा एसी ५२०० वॅट देतो. चर बुजवण्याआधी, तळाशी टेप उभी धरलेला फोटो मागा, आणि पाइपांची संख्या व लांबी करारात लिहून घ्या.

विटांचं थोडक्यात. उडत येऊन साचलेल्या बारीक, गोल वाळूत चिकणमाती नसते. अशा वाळूत ५-१० टक्के सिमेंट घालून दाबलेली वीट सुकी असताना ठणठणीत वाजते, पण एक दिवस पाण्यात बुडवून काढली की कोपरे झडतात. म्हणून ताकद ओल्या विटेची मोजायची. अशा दाबलेल्या मातीच्या विटांच्या भारतीय मानकात, आयएस १७२५ मध्येही, तेच सांगितलं आहे. बाटलीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि रात्रभर ठेवा: वर चिकणमातीचा थर दिसलाच नाही तर ती माती विटेची नाही. खारट जमिनीतली माती आणि खारं पाणी तर नकोच, भिंतीला लोणा फुटतो.

करारात ‘हीटप्रूफ’, ‘इको’ असे शब्द चालवून घेऊ नका. साहित्याचं नाव, जाडी, घनता, यू-मूल्य हवं. थर झाकण्याआधीच्या हप्त्यासाठी गच्चीच्या मध्यभागचे फोटो मागा, आणि दहा टक्के रक्कम एक पूर्ण उन्हाळा राखून ठेवा. फसवणूक झालीच असेल तर कोबा फोडताना व्हिडिओ करा, तुकडे पिशवीत बंद करून तारीख घाला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, दर वेळी राजस्थानात जावं लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

या घराची गच्ची सुधारायची तर जुना कोबा आणि ओला थर्माकोल काढून स्लॅब सुकू द्यावी लागेल. मग वॉटरप्रूफिंग, ५० मिमी एक्सपीएस सांधे जुळवून, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), जाळी घालून ४० मिमी कोबा चौकोनांत, आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या चकचकीत फरश्यांचा थर. एवढ्या कोब्याचं वजनच चौरस मीटरला ९५ किलोच्या आसपास होतं, तेव्हा स्लॅब ते पेलेल का हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.