तुरीचे शेंडे खुडण्याचे यंत्र: दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

मागच्या आधीच्या वर्षी जुलैच्या अखेरीस दारव्हा तालुक्यातील एका वेल्डिंगच्या दुकानातून मी तुरीचे शेंडे खुडण्याचे यंत्र २,८०० रुपयांना विकत घेतले. दोन हंगाम ते आमच्या आणि शेजाऱ्यांच्या वावरात चालवल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. यंत्र बनवणारा तरुण शेतकऱ्याच्याच घरातला आहे. आयटीआय झाल्यावर त्याने गावात दुकान टाकले. खुडणीची यंत्रे बाजारात इतरही मिळतात, परंतु हे यंत्र ज्या रीतीने घडत आणि सुधारत गेले ते मी जवळून पाहिले आहे, आणि त्या प्रत्येक टप्प्याचा फायदा व त्रास ग्राहक म्हणून आमच्या वाट्याला आला आहे.

ज्यांच्या घरी तूर नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने तुरीचा मुख्य शेंडा खुडला की झाड उंच जाण्याऐवजी बाजूला फांद्या फोडते आणि फांद्या वाढल्या की शेंगांना जागा वाढते. पंधरा-वीस दिवसांनी दुसरी खुडणी करतात. हे काम नेमके पोळ्याच्या आगेमागे येते, जेव्हा निंदणाला आणि फवारणीला माणसे आधीच मिळत नाहीत. सोयाबीनमध्ये घेतलेल्या आमच्या चार एकरांतील तुरीची खुडणी हाताने करायला पाच बायकांना दोन दिवस लागत असत. या यंत्राने तेच काम एक माणूस दीड दिवसात करतो. एवढ्यावरूनच यंत्राची किंमत पहिल्या हंगामात निघाली, हे मी निःसंकोच सांगू शकते.

यंत्राची रचना साधी आहे. हलक्या नळीच्या एका टोकाला छोटी मोटर आणि दातेरी गोल पाते, दुसऱ्या टोकाला मूठ व बटण, आणि तेथून निघणारी वायर पाठीवरच्या फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडायची. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुरुवातीला त्याने स्वतंत्र बॅटरी आणि चार्जरसह यंत्र बनवले होते व त्याची किंमत साडेचार हजारांच्या घरात जात होती. लोक येत, हातात घेऊन पाहत, कौतुक करत आणि निघून जात. महिन्याभराच्या कामासाठी एवढी रक्कम कोण घालणार, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. बारा व्होल्टची बॅटरी तर फवारणी पंपामुळे प्रत्येक घरात आहेच, हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा त्याने यंत्रातून बॅटरीच काढून टाकली. यंत्र अधिक चांगले करण्यासाठी त्यात काही घालण्याची गरज नव्हती, ग्राहकाकडे आधीच असलेली वस्तू त्याला पुन्हा विकणे थांबवण्याची गरज होती. विक्री त्यानंतरच सुरू झाली. मात्र निरनिराळ्या पंपांच्या पिना वेगवेगळ्या असतात, म्हणून त्याला सोबत दोन प्रकारच्या पिना द्याव्या लागतात. वायर उलटी जोडली गेली तर पाते उलट फिरते आणि शेंडा कापला न जाता चेचला जातो. विकत घेतल्या दिवशीच दुकानात जोडून, पाते कोणत्या दिशेने फिरते ते पाहून घ्यावे.

आता दोष. पहिल्या हंगामात तिसऱ्याच दिवशी बटण बंद पडले. सकाळी तुरीवर दव असते, मधूनच पावसाची सर येते, आणि ओल्या हाताने दाबलेल्या बटणात पाणी शिरते. दुकानात, कोरड्या जागी, शंभर वेळा चाललेले यंत्र वावरात चालेलच असे नाही, ही गोष्ट त्या तरुणाला आमच्या बंद पडलेल्या यंत्रांनी शिकवली. दुसऱ्या वर्षीच्या यंत्रांवर बटणाला रबराची टोपी आहे आणि त्याने जुन्या ग्राहकांनाही ती विनामूल्य बसवून दिली.

दुसरा दोष अधिक खोलवरचा होता. खुडणीचे काम आमच्याकडे बहुतेक बायकाच करतात, पण यंत्राची चाचणी त्याने स्वतः आणि त्याच्या मित्रांनी केली होती. मोटरचे सगळे वजन पुढच्या टोकाला आणि मूठ उंच माणसाच्या हिशेबाने मागे, त्यामुळे तासाभरात माझा खांदा भरून आला. माझ्यासोबतच्या दोघींनी तर यंत्र धुऱ्यावर ठेवून पुन्हा हाताने खुडायला सुरुवात केली. मी ते जाऊन सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला, आणि नंतर वही काढून त्याने लिहून घेतले. पुढे त्याने दुसरी मूठ पुढे सरकवता येईल अशी बसवली आणि खांद्याला पट्टा दिला. त्रास कमी झाला, पूर्ण गेलेला नाही.

पात्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या पात्याचे मधले छिद्र त्याने स्वतःच्या मापाने पाडले होते, त्यामुळे धार गेल्यावर नवीन पाते केवळ त्याच्याच दुकानात मिळत असे आणि ऐन हंगामात ते संपले होते. बोथट पात्याने शेंडा तुटण्याऐवजी सोलला जातो, त्यामुळे आमचा अर्धा एकर तसाच राहिला. आता त्याने तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पाते बसेल असा बदल केला आहे. सुटे भाग आपल्याच हाती राहावेत असे धंदा करणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे, परंतु महिनाभराच्या हंगामात ज्याचे यंत्र दोन दिवस पडून राहते तो पुढच्या वर्षी दुसऱ्याचे यंत्र घेतो.

पैशांची बाजू मला त्याच्याशी बोलल्यावर कळली. मोटरा जूनमध्ये रोखीने आणाव्या लागतात. कृषी केंद्रवाले यंत्र दुकानात ठेवून घेतात, पण पैसे सोयाबीन-कापूस विकला गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर देतात, आणि त्यातही कमिशन कापून. पहिल्या वर्षी बनवलेल्या चाळीस यंत्रांपैकी चौदा उरली आणि त्यांत अडकलेले पैसे पुढच्या ऑगस्टपर्यंत मोकळे झाले नाहीत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील उद्योगाला सर्वसाधारण गटात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि विशेष गटात ३५ टक्के अनुदान असते, हे खरे. परंतु अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. जूनमधल्या मोटरांचे पैसे त्यातून सुटत नाहीत. त्यावर त्याने काढलेला मार्ग मला योग्य वाटतो: मे महिन्यात पाचशे रुपये भरून नोंदणी करणाऱ्याला तो दोनशे रुपये सूट देतो आणि जेवढी नोंदणी होईल त्याच्या थोडी वर यंत्रे बनवतो. उरलेल्या महिन्यांत तो फवारणी पंप दुरुस्त करतो.

एका ठिकाणी मात्र तो चुकला, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. कुठलाही अर्ज न करता त्याने सरकणारी मूठ एका कृषी प्रदर्शनात सर्वांना उलगडून दाखवली. पुढच्याच हंगामात तशाच मुठीची यंत्रे बाजारात आली. आपल्या कायद्यानुसार पेटंटच्या अर्जाआधी शोध जाहीर झाला तर सहसा त्याचे नावीन्य उरत नाही. तात्पुरत्या तपशिलासह आधी अर्ज करून पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात, आणि व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. ती मूठ पेटंटला पात्र ठरली असती की नाही हे तज्ज्ञच ठरवतील, पण विचारणा तरी व्हायला हवी होती.

न नोंदवलेले काम हातातून कसे निघून जाते, याची विदर्भातली आठवण फार जुनी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून पटेल-३ या भाताच्या वाणातून वेगळी लोंब निवडून, वर्षानुवर्षे जपून जे धान तयार केले, त्याला व्यापाऱ्याने त्या काळच्या घड्याळावरून एचएमटी हे नाव दिले. ते नाव घराघरांत पोचले. वाणांवर शेतकऱ्यांचा हक्क मान्य करणारा कायदा २००१ मध्ये आला, तोवर ते बियाणे कितीतरी हातांतून पुढे गेले होते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, तरी २०१८ मध्ये ते गेले तेव्हा गरिबी त्यांच्या घरातून गेलेली नव्हती. इतके मोठे काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडू शकते, तर खेड्यातल्या प्रत्येक कारागिराने आपले काम दाखवण्याआधी ते नोंदवण्याची चौकशी केलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आज हे यंत्र घ्यावे का? चार-पाच एकर तूर असेल तर अवश्य घ्यावे. एकरभर तुरीसाठी शेजाऱ्याचे भाड्याने आणणे पुरेसे आहे. नोंदणी मे महिन्यातच करावी, सोबत दोन जादा पाती घ्यावीत, आणि कळ्या दिसू लागल्यावर यंत्र तुरीला लावू नये. माझ्या लेखी सर्वांत मोठी सुधारणा मात्र यंत्रात झालेली नाही. मागच्या ऑगस्टपासून तो दुकानात तीन चालू यंत्रे वेगळी ठेवतो. बिघडलेले आणून द्यायचे, चालू घेऊन जायचे, आणि दुरुस्त झाले की बदलून न्यायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमची वायर तुटली तेव्हा मी दुपारी दोन वाजता वावरात परत आले होते.

पुढच्या टोकाचे वजन अजून त्रास देते. ते मी पुन्हा सांगितले तेव्हा त्याने दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आम्हा तिघींना यंत्र धरायला लावून कोपरापर्यंतची मापे घेतली. नवे यंत्र जुलैत तयार होईल असे तो म्हणतो. दुसरे यंत्र घ्यायचे माझ्या मनात आहे, पण ते मी आधी वावरात नेऊन, भरल्या तुरीत दोन तास चालवून पाहीन आणि मगच पैसे देईन, असे त्याला सांगून ठेवले आहे. त्यानेही ते मान्य केले आहे.