थायलंडचे म्हणून घेतलेले सहा लोच

माझी टाकी दोन फुटी, जेमतेम ५५ लिटरची. झाडांबरोबर गोगलगायी आल्या आणि महिन्याभरात काचेवर जिकडेतिकडे त्याच. गोगलगायी खाणारा पण लहानच राहणारा मासा हवा होता, म्हणून ड्वार्फ चेन लोच घ्यायचं ठरवलं. त्याचं शास्त्रीय नाव अंबास्टाया सिद्थिमुंकी, मूळचा थायलंडचा, पुरता वाढला तरी सहा सेंटिमीटरच्या आसपास. तिथल्या नद्यांत तो आता दुर्मीळ झालाय. दुकानांत येतात ते बहुतेक फार्मवर पैदास केलेले, म्हणून महाग.

ठाण्यातल्या एका दुकानात वरच्या टाकीत दोन दिसले. ते खरे होते, हे मी आजही सांगेन. दर ४५० रुपये नग. लोच एकटादुकटा ठेवला की बुजून राहतो, म्हणून सहा मागितले.

"वरचे दोनच उरलेत साहेब. खाली ताजा लॉट आलाय, त्यातलेच देतो."

खालच्या टाकीवर निळी लाइट, मासे इंचभराचे, फिल्टरमागे दडलेले. अंगावर साखळीसारखं काहीतरी दिसलं. मी घुटमळतोय म्हटल्यावर त्याने एक जाळीत धरून वर काढला. जाळी उलटी केली तरी मासा सुटेना. "बघा, डोळ्याखालचा काटा अडकला. ओरिजिनल लोचची खूण!"

काटा खराच होता. पण तो काटा या घराण्यातल्या झाडून सगळ्या माशांना असतो. घाबरले की बाहेर काढतात आणि जाळीत गुंततात. ८० रुपयांचा यो-यो लोचसुद्धा तस्साच अडकतो. म्हणजे मी आधार कार्ड मागितलं आणि त्याने हा माणूसच आहे एवढं सिद्ध करून दाखवलं. मी २७०० रुपये मोजले.

गोगलगायी झपाट्याने संपल्या, ते कबूल. पण मासे वाढायचे थांबेनात. पाचव्या महिन्यात काचेला पट्टी लावली तर थोरला सात सेंटिमीटरच्या पुढे. त्याच सुमारास मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याच्या अंगावर वाय लिहिलाय." बघितलं तर खरंच वाय, आणि पुढे ओ. यो-यो हे नाव पडलंय ते त्या अक्षरांवरूनच. शास्त्रीय नाव बोटिया अल्मोरी, अल्मोड्यावरून. थायलंडच्या भावाने घेतलेला मासा आपल्या उत्तरेकडचा निघाला, आणि तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो.

पिल्लं असताना फरक ओळखायचा तर पोटाकडे बघा. खऱ्या चेन लोचच्या पाठीवर एक काळी रेघ, कुशीच्या मधोमध दुसरी, आणि दोन्हींना जोडणारे उभे पट्टे. मधल्या रेघेखाली अंग पांढरट, कोरं. यो-योचे पट्टे त्या कोऱ्या जागेतही उतरतात. हे पांढऱ्या उजेडात दिसतं, निळ्यात नाही. मोबाइलचा टॉर्च मारायला दुकानदार नको म्हणाला तर समजून जा. चेन लोचचा एक सख्खा भाऊबंद आहे, निग्रोलिनिआटा. तिथे दुकानदाराचीही प्रामाणिक चूक होऊ शकते. यो-योत होत नाही, रोज विकणाऱ्याची तर नाहीच.

फोटो घेऊन परत गेलो. आधी म्हणाला, पाणी बदललं की डिझाइन बदलतं. मग म्हणाला, "मासे जिवंत आहेत ना साहेब? मग तक्रार कसली?" बिल काढलं. त्यावर लिहिलं होतं, "फॅन्सी फिश, ६ नग". जातीचं नाव कुठेच नाही. मी तिथे उभा राहून ते वाचलंही नव्हतं. आता मी नाव लिहून घेतो आणि दाखवलेल्या टाकीतूनच, डोळ्यांदेखत पिशवी भरून घेतो.

सहाही मासे कळव्याच्या मित्राच्या चार फुटी टाकीत आहेत, मजेत.

मागच्या रविवारी त्या दुकानावरून गेलो. वरच्या टाकीत दोन चेन लोच होते. खाली निळी लाइट चालूच होती.